मोबाईल आपल्या हातात. लगाम कोणाच्या हातात?

एक काळ असा होता की वस्तीत एखाद्या घरी रेडिओ आला तर ती बातमी चार गल्ल्यांत पसरत असे. संध्याकाळी बातम्या आणि श्रुतिका ऐकायला शेजारीपाजारी उंबऱ्यावर येऊन बसत. पुढे कॅसेटचा जमाना आला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणलेली ही तळहाताएवढी वस्तू ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्या वस्त्यावस्त्यांत पोहोचली. ज्या गायकांना मोठ्या सभागृहांची दारे सहसा उघडत नव्हती, त्यांचा आवाज कॅसेटमुळे घराघरांत घुमू लागला. पुस्तकासाठी मात्र वाचनालय गाठावे लागे, नाहीतर चैत्यभूमी-दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलची वर्षभर वाट पाहावी लागे. आणि पहाटे उठणे, वेळेवर अभ्यासाला बसणे ही शिस्त लावण्याचे काम घरातली वडीलधारी माणसे आणि गजराचे घड्याळ करीत असे.

आज रेडिओ, कॅसेट, वाचनालय, गजराचे घड्याळ आणि शिस्त लावणारा मास्तर हे सारे एकाच मोबाईलमध्ये येऊन बसले आहेत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचे दर कोसळले आणि कामगाराच्या खिशातही स्मार्टफोन आला. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाईलवर भरली. ज्या घरात एकच फोन आणि शिकणारी मुले तीन, त्या घराची काय ओढाताण झाली, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता प्रश्न असा आहे की, हातात आलेल्या या यंत्राने आपल्या घरात वाचन वाढले का? गाणे ऐकण्याचा आनंद वाढला का? मुलांना चांगल्या सवयी लागल्या का? काही घरांतून याचे उत्तर 'होय' असे येईल. परंतु बहुतेक घरांतून एक सुस्काराच ऐकू येईल. असे का व्हावे? मोबाईल मुळात वाईट आहे म्हणून नव्हे. दुकानातून तो ज्या मांडणीने घरी येतो, ती मांडणी विकणाऱ्याच्या सोयीची असते, आपल्या सोयीची नसते. ती बदलता येते आणि बदलायला एक पैसाही लागत नाही. हे कसे करायचे, याचाच विचार या लेखात करू.

फुकट मिळते ते कोणाच्या जिवावर?

बहुतेक ॲप फुकट असतात. त्यांचे मालक काही धर्मशाळा चालवीत नाहीत. मग त्यांचा धंदा चालतो कसा? तर तो चालतो जाहिरातींवर. आपण जितका वेळ पडद्याकडे पाहू, तितक्या जाहिराती आपल्याला दाखवता येतात. म्हणजे या बाजारात विकला जाणारा माल आपला वेळ आणि आपले लक्ष हाच आहे. माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, असे हर्बर्ट सायमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७१ सालीच बजावून ठेवले होते. त्यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे लक्ष खेचून धरण्यासाठी मोठमोठ्या पगाराचे इंजिनिअर कामाला लावलेले असतात. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, कॅसेटची एक बाजू संपते, पुस्तकाचे प्रकरण संपते. तिथे माणूस थांबतो आणि 'आता उठावे का?' असा विचार करतो. मोबाईलवरची यादी मात्र कधीच संपत नाही. बोट वर सरकवत राहा, खालून नवे येतच राहते. ही न संपणारी यादी एझा रास्किन या तरुण तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली. लोकांचा अतोनात वेळ त्यात वाया जातो हे पाहून पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली.

दुसरी युक्ती मटक्याची आहे. मटका खेळणाऱ्याला रोज आकडा लागत नाही. पण कधीतरी लागतो, म्हणून तो रोज जातो. बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की ओढ अधिक वाढते, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते. दहा टाकाऊ व्हिडिओंनंतर एक चांगला येतो, त्या एकासाठी बोट फिरत राहते. दिवसभर राबून थकलेला माणूस 'पाच मिनिटे पाहतो' म्हणून फोन हातात घेतो आणि रात्रीचे बारा वाजतात. हा केवळ त्याचा दुबळेपणा म्हणता येणार नाही. एका बाजूला थकलेला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला हजारो इंजिनिअर, असा हा सामना आहे. म्हणून मुलांना नुसते रागावून भागत नाही. यंत्राची मांडणीच बदलावी लागते.

सवय एकवीस दिवसांत लागत नाही

सवयी लावणारे ॲप हल्ली पुष्कळ निघाले आहेत. पाणी प्या, चाला, वाचा, अभ्यास करा, अशी आठवण ते करून देतात आणि केलेल्या दिवसापुढे खूण उमटवतात. यांतल्या अनेकांत 'एकवीस दिवसांत सवय लावा' अशी जाहिरात असते. हा आकडा आला कोठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांनी १९६० मधील आपल्या पुस्तकात लिहिले. त्यातला 'किमान' हा शब्द लोकांनी गाळला आणि 'सवय एकवीस दिवसांत' असा मंत्र तयार झाला.

प्रत्यक्षात काय होते, याची पाहणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांना त्यांनी रोज एक छोटी गोष्ट ठरावीक वेळी करायला सांगितली. ही गोष्ट आपोआप घडू लागायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत वेळ लागेल असे दिसले. मधला आकडा होता ६६ दिवसांचा. म्हणजे दोन महिन्यांहून अधिक. या पाहणीतून आणखी एक दिलासा देणारी गोष्ट पुढे आली. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले की गाडी रुळावर येते.

सवयीचे ॲप वापरताना नेमकी हीच गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पुष्कळ ॲप सलग दिवसांची साखळी मोजतात. साखळी तुटली की आकडा शून्यावर येतो. मुलगी तापाने फणफणली, एक दिवस वाचन राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर शून्य पाहून तिने सगळेच सोडून दिले, तर दोष त्या मोजणीचा आहे. अशा वेळी आईने वा मोठ्या भावाने सांगावे, 'अगं, कालचा दिवस गेला तर जाऊ दे, आज बस.'

ज्यांना ॲपच हवा आहे त्यांच्यासाठी 'लूप हॅबिट ट्रॅकर' हा विनाशुल्क आणि जाहिराती नसलेला ॲप आहे. त्यात एखादा दिवस चुकला तर सवयीचे बळ थोडे कमी दिसते, पण ते शून्यावर येत नाही. तथापि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने केलेली फुलीही तेच काम करते, आणि ती घरातल्या सर्वांना दिसते. आजोबांना दिसते, पाहुण्यांना दिसते. चार डोळ्यांसमोर केलेल्या निश्चयाला मोबाईलमधल्या गुप्त खुणेपेक्षा वजन जास्त असते.

सवय लावताना ती आधीच्या एखाद्या कामाला बांधावी. 'मी रोज वाचीन' असे म्हणण्यापेक्षा 'रात्रीची भांडी झाली की दहा मिनिटे वाचीन' असे ठरवणे केव्हाही बरे. अभ्यासासाठी फ्रान्सिस्को सिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाअखेर शोधलेली पद्धत साधी आहे. त्याच्या स्वयंपाकघरात टोमॅटोच्या आकाराचे एक वेळ लावायचे घड्याळ होते. २५ मिनिटे लावायची, तेवढ्या वेळात एकच काम करायचे, मग पाच मिनिटे विश्रांती. टोमॅटोला इटालियन भाषेत पोमोदोरो म्हणतात, म्हणून त्या पद्धतीचे नावही पोमोदोरो पडले. यासाठी वेगळा ॲप घ्यायचे कारण नाही. फोनमधल्या घड्याळातच टायमर असतो. तो लावून फोन पालथा करून मांडणीवर ठेवावा आणि मुलाने पुस्तक घेऊन बसावे. दहा बाय बाराच्या खोलीत जिथे अभ्यासाचा वेगळा कोपरा नाही, तिथे 'टायमर वाजेपर्यंत टीव्ही बंद' हा नियम सर्वांनी पाळला तर वेळच त्या मुलाचा कोपरा होतो.

वाचन : काय मोबाईलवर, काय कागदावर

वाचनाच्या बाबतीत मोबाईलने आपल्या दारात एक मोठा खजिना आणून ठेवला आहे. परंतु तो कोठे आहे हे ठाऊक नसल्याने तो तसाच पडून राहतो. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वाचायला ठेवलेले आहेत. वसंत मून यांनी संपादनासाठी जिवाचे रान केले ते हेच खंड. एकेकाळी एक खंड मिळवायला कार्यकर्त्यांना खेटे घालावे लागत. आज महाविद्यालयात शिकणारी आपली मुलगी एका मिनिटात तो फोनवर उतरवून घेऊ शकते, आणि अडलेला इंग्रजी शब्द शब्दकोशात लगेच पाहू शकते.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मराठी विश्वकोशही वाचता येतो. पहिलीपासून बारावीपर्यंतची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत, त्यामुळे पुस्तक फाटले किंवा हरवले तर अभ्यास अडत नाही. लहान मुलांसाठी प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. तिथे मराठीतली सचित्र गोष्टींची पुस्तके आहेत, आणि ती लहान, मोठी अशा पायऱ्यांनी लावलेली असल्याने मुलाच्या वाचनाच्या मगदुराप्रमाणे निवडता येतात.

मात्र सर्वच वाचन मोबाईलवर करावे असे नाही. कागदावरचे आणि पडद्यावरचे वाचन यांची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र करून स्पेन व इस्रायलमधील संशोधकांनी २०१८ मध्ये निष्कर्ष काढला. त्यात एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर, म्हणजे अभ्यासाचा मजकूर, कागदावर वाचला असता अधिक समजतो, विशेषतः वेळेचे बंधन असेल तेव्हा. गोष्टीच्या वाचनात मात्र तसा फरक आढळला नाही. यातून घरासाठी सरळ नियम निघतो. गोष्ट, कादंबरी, चरित्र फोनवर वाचले तरी चालेल, पण दहावी-बारावीचा आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कागदावरच करावा. पीडीएफ उतरवून घेतली असेल तर महत्त्वाची प्रकरणे झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यावीत. दोन-तीन मुलांनी मिळून छापली तर खर्चही विभागला जाईल.

लहान पडद्यावर पीडीएफ वाचताना पान सतत डावी-उजवीकडे सरकवावे लागते आणि डोळे शिणतात. पुस्तक 'ईपब' या प्रकारात मिळत असेल तर ते घ्यावे. त्यात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप पडद्यात बसतात. 'रीडएरा'सारख्या ॲपमध्ये एकदा उतरवलेले पुस्तक इंटरनेट बंद असतानाही वाचता येते. रिचार्ज संपला तरी पुस्तक संपत नाही, ही गोष्ट आपल्यासारख्यांना फार मोलाची आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे काय? आपल्या आया, आज्या, ज्यांच्या वाट्याला शाळाच आली नाही, त्यांच्यासाठीही या यंत्रात सोय आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात 'सिलेक्ट टू स्पीक' अशी सुविधा असते. ती सुरू करून मजकुरावर बोट ठेवले की फोन मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो. जुन्या पुस्तकाचे नुसते फोटो काढलेले असतील तर त्याला अडचण येते, पण टाईप केलेला मजकूर तो वाचतो. लिहिता येत नसेल तर बोललेले मराठी अक्षरात उतरवण्याची सोय गुगलच्या कीबोर्डमध्ये ऑगस्ट २०१७ पासून आहे. नातवाने एक संध्याकाळ बसून आजीला हे दाखवून द्यावे.

एक सावधगिरीची सूचना इथेच केली पाहिजे. व्हॉट्सॲपच्या गटांतून चालू पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ फिरत असतात. ज्या लेखकांनी आणि छोट्या प्रकाशकांनी पदरमोड करून पुस्तके काढली, त्यांच्या पोटावर यामुळे पाय येतो. शासनाने वा लेखकाने स्वतः खुले केलेले पुस्तक जरूर घ्यावे. बाकीचे वाचनालयातून आणावे किंवा विकत घ्यावे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. गावोगावची वाचनालये त्यावर उभी आहेत. मोबाईल आला म्हणून वाचनालयाचे सभासदत्व सोडू नये.

गाणे ऐकावे, पाहू नये

गाणे ही कानाने ऐकायची गोष्ट आहे. परंतु आज आपण गाणे 'लावतो' म्हणजे बहुधा यूट्यूबवर व्हिडिओ लावतो. पडदा बंद केला की फुकटच्या यूट्यूबवरचे गाणे थांबते, म्हणून पडदा चालू ठेवावा लागतो. त्यात बॅटरी जाते, डेटा जातो आणि गाणे संपताच शेजारी दिसणाऱ्या दुसऱ्या व्हिडिओवर बोट जाते. याचा हिशेब करून पाहा. चांगल्या प्रतीचे गाणे, म्हणजे १२८ केबीपीएसचे, तासभर ऐकायला सुमारे ५८ एमबी डेटा लागतो. साध्या प्रतीचा व्हिडिओदेखील तासाला काहीशे एमबी खातो. म्हणजे दिवसाच्या डेटापैकी मोठा भाग आपण न पाहिलेल्या चित्रांवर घालवतो. स्वयंपाक करताना, शिवणयंत्रावर बसलेले असताना चित्राकडे कोण पाहते?

यावर उपाय आहेत. गाण्यांच्या ॲपवरून नुसता आवाज ऐकावा. आकाशवाणीची केंद्रे प्रसारभारतीच्या 'न्यूज ऑन एअर' या ॲपवर लागतात. अनेक फोनमध्ये एफएम रेडिओ असतो. त्याला वायरचा इअरफोन जोडला की तीच वायर ॲन्टेनाचे काम करते आणि इंटरनेट अजिबात लागत नाही. पूर, वादळ यांसारख्या संकटात नेटवर्क बंद पडले तरी रेडिओ चालतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोबाईल कंपन्यांना फोनमधील एफएम रेडिओ बंद करून ठेवू नका, अशी सूचना केली. नवा फोन घेताना दुकानदाराला 'यात एफएम आहे का?' हे जरूर विचारावे.

गाण्याबरोबर गीतकारही मुलांना ठाऊक व्हावा. कॅसेटच्या वेष्टणावर गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे छापलेली असत. मुले ती वाचत. मोबाईलवर पुष्कळदा गाणे चढवणाऱ्याचेच नाव ठळक दिसते आणि लिहिणारा पडद्याआड जातो. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) शाळेची पायरी चढले नव्हते. मोठेपणी अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचन पक्के केले आणि मग हजारो गीते लिहिली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यांचे गाणे लागले की 'हे कोणी लिहिले?' एवढा एकच प्रश्न मुलांना विचारावा. गाण्यातून वाचनाकडे जाणारी ही वाट सोपी आहे.

कानांची काळजी हा विषय आपल्याकडे अगदी दुर्लक्षित आहे. लोकलच्या खडखडाटात, कारखान्याच्या आवाजात गाणे ऐकू यावे म्हणून तरुण मुले आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ऐकले तर चालते. तोच आवाज ९० डेसिबल केला तर सुरक्षित वेळ आठवड्याला अवघी ४ तासांवर येते. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे. डेसिबल मोजायला आपल्याकडे यंत्र नाही, म्हणून साधा नियम असा की फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये. अशा आवाजाने एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. दिवसभर यंत्राच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाच्या कानांनी आधीच पुष्कळ सोसलेले असते. त्यांना प्रवासात तरी विश्रांती द्यावी.

घरातला फोन कोणाचा?

आतापर्यंत 'आपला फोन' असे म्हटले. पण खरेच तो सर्वांचा असतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे आढळले की, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. म्हणजे जवळपास निम्म्या बायका फोनसाठी दुसऱ्यावर अवलंबून होत्या. घरात दोन फोन असले तर एक वडिलांचा आणि दुसरा मुलाचा, हे चित्र आपल्याकडेही दिसते. मुलीने फोन मागितला की 'कशाला हवा?' असा प्रश्न होतो. मुलाला मात्र कोणी काही विचारत नाही.

वरच्या साऱ्या सोयी मुलीच्या आणि आईच्या हातात पोहोचल्या नाहीत तर त्यांचा उपयोग काय? शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही हे आपण मान्य केले आहे. मग तो भेद फोनच्या रूपाने मागच्या दाराने आत येऊ देऊ नये. एकच फोन असेल तर त्याचे वेळापत्रक करून भिंतीवर लावावे. रात्री आठ ते नऊ मुलीचा अभ्यास, नऊ ते साडेनऊ आईचे वाचन वा गाणी, असे लिहून ठेवावे आणि त्या वेळी वडिलांनीही फोन मागू नये. वडीलधाऱ्यांनी पाळलेला नियमच मुले पाळतात.

अगदी लहान मुलांविषयी मात्र कडक राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितले आहे की, दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त दाखवू नये. बाळ जेवत नाही म्हणून समोर फोन धरण्याची रीत पडत चालली आहे. कामावरून आलेल्या आईची त्यात सोय होते हे खरे, आणि तिच्या मदतीला घरातले कोणी येत नसेल तर दोष तिला देता येणार नाही. ताटली हातात घेऊन बाळाला चार घास भरवणे हे वडिलांचेही काम आहे.

आजच करावयाची सहा कामे

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, पुढील कामांना मिळून अर्धा तासही लागत नाही. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून ती एकेक करून घ्यावीत.

१. फोन, मेसेज आणि बँक सोडून बाकी सर्व ॲपच्या सूचना सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्यात. कोणी आपल्याला बोलावत असेल तर घंटी वाजावी. ॲपने बोलावले म्हणून वाजू नये.

२. अँड्रॉइड फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' असते. दोन्ही सुविधा २०१८ साली जाहीर झाल्या. दिवसात कोणत्या ॲपवर किती वेळ गेला हे तिथे दिसते. आधी आठवडाभर नुसते पाहावे, मग सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या ॲपला दिवसाची मर्यादा लावावी.

३. यूट्यूबवर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणे बंद करावे. पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद पुसून ती ठेवणेही बंद केले, तर उघडताक्षणी समोर येणारी व्हिडिओंची रास नाहीशी होते. मग जे हवे ते स्वतः शोधावे लागते, आणि शोधणारा माणूस भरकटत नाही.

४. पहिल्या पडद्यावर पुस्तक, शब्दकोश, रेडिओ आणि घड्याळ हेच ठेवावे. बाकीचे ॲप आतल्या पानावर न्यावेत. दारात काय ठेवले आहे त्यावर घरात शिरणाऱ्याची पावले ठरतात.

५. लहान मुलाच्या हाती फोन देताना सेटिंगमधले 'ॲप पिनिंग' सुरू करावे. मग जी गोष्ट उघडून दिली आहे तीच त्याच्यासमोर राहते. तिथून बाहेर पडताना पिन विचारावा, हीही खूण सुरू करून ठेवावी.

६. 'पहिला महिना फुकट' म्हणून घेतलेले गाण्यांचे, पुस्तकांचे वा सवयींचे ॲप पुढच्या महिन्यापासून खात्यातून पैसे कापू लागतात. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे देता, त्यातच 'ऑटोपे' हा भाग असतो. तिथे जाऊन नको असलेली वसुली रद्द करावी. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असे पैसे कापण्यापूर्वी २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये.

या सहा कामांनी मोबाईल एका रात्रीत वाचनालय होणार नाही. सवयीला दोन महिने लागतात हे आपण वर पाहिलेच आहे. पहिल्या आठवड्यात मुले कुरकुर करतील, मोठ्यांचीही बोटे शिवशिवतील. एखाद्या दिवशी नियम मोडेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. रोज रात्री घरात कोणीतरी दहा मिनिटे मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, एवढे जरी दोन महिने टिकले तरी वर्षाकाठी त्या घरातून चार-पाच पुस्तके वाचून होतील.

रिचार्जचे पैसे आपल्या घामाचे आहेत. ते भरून आपण काय विकत घेतो, याचा हिशेब दर महिन्याला किराणाच्या हिशेबाबरोबर मांडला जावा. या महिन्यात किती पाने वाचली, मुलीने कोणते प्रकरण पुरे केले, आजीने कोणती गोष्ट ऐकली, हे त्या वहीत लिहावे. ज्या महिन्यात ती ओळ कोरी राहील, त्या महिन्यात सर्वांनी एकत्र बसून त्याचे कारण शोधावे आणि वेळापत्रक नव्याने मांडावे.